शेवटचा गजर जोरकस

"परब काका, तुम्हाला ॲनिमेतलं काही कळतं का?" दारात उभ्या राहिलेल्या जान्हवीने विचारलं. तिच्यामागे निधी, पर्ल आणि सगळ्यांत मागे आठवीतली रुचिरा, अशी सोसायटीतली चौकडी उभी होती.

"नाही बुवा," सहदेव परब म्हणाले. पुढच्या दहा दिवसांत ते शेवटचं खरं बोलले ते हेच.

"झकास. मग परीक्षक तुम्हीच."

प्रकरण असं होतं. या चौघींना जपानी कार्टूनच्या मालिका बघायचं वेड, आणि त्यातही एका खास जातीच्या. या मालिकांत भांडण नाही, खून नाही, राक्षस नाही. चार-पाच गोड मुली असतात, त्या गोड बोलतात आणि दिवस मावळतो. गेल्या वर्षी यांतली सर्वांत चांगली मालिका कोणती, यावरून निधी आणि पर्ल यांच्यात अशी जुंपली की दोन महिने अबोला. नाताळात पर्लच्या घरून निधीकडे येणारा फराळातल्या कुलकुलचा डबा आला नाही, तेव्हा दोघींच्या आयांना मध्ये पडावं लागलं. म्हणून यंदा रीतसर स्पर्धा, चौघींच्या लाडक्या चार मालिका, प्रत्येकीचे पहिले तीन भाग आणि बाहेरचा परीक्षक. ज्याला कळत नाही तो पक्षपात करत नाही, हा जान्हवीचा हिशेब.

शिवाय मुलुंड पूर्वेला परीक्षक म्हटलं की सहदेव परबच. माघी गणपतीतल्या भजन स्पर्धेला गेली बावीस वर्षं तेच खुर्चीवर बसत आले होते, आणि बावीस वर्षांत त्यांच्या निकालावरून एकदाही तंटा झाला नव्हता. एरवी साधा माणूस. भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं शेड जुळवून निवृत्त झालेला. पण 'परीक्षक' म्हटलं की छाती दोन इंच पुढे यायची.

"बघतो ना," ते म्हणाले. "पण माझं परीक्षण कडक असतं, हां. मागाहून रडायचं नाही."

आतून त्यांची बायको जयंती खोकली. तो खोकला सर्दीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर सहदेवांनी मुलींनी दिलेला पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि एक नंबरची मालिका, म्हणजे निधीची, सुरू केली. शाळेतल्या चार मुली मोडक्या छत्र्या दुरुस्त करायचं मंडळ काढतात. पहिल्या सात मिनिटांत एक छत्री उघडली. मग ती बंद करायची की वाळत ठेवायची, यावर चर्चा सुरू झाली. चर्चेचा निकाल काय लागला हे सहदेवांना कळलं नाही, कारण त्यांना जाग आली तेव्हा पाच वाजले होते आणि जयंतीने टीव्ही बंद करून त्यांच्या अंगावर चादर टाकली होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मालिका बदलून पर्लची लावली, ज्यात तीन बहिणी लाँड्री चालवतात. इस्त्री तापेपर्यंत ते जागे होते. चौथ्या दिवशी त्यांनी टीव्ही लावलाच नाही, सरळ आडवे झाले.

"उद्या निकाल ना तुमचा?" जयंतीने विचारलं.

"हो. त्याचंच चिंतन चाललंय."

"तुमचं चिंतन स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं."

आता सहदेव हाडाचे लबाड नव्हते. पण त्यांच्याकडे एक निळी डायरी होती आणि खरी लबाड ती होती. भजन स्पर्धेत द्यायचे शेरे त्यांनी पहिल्याच वर्षी तिच्यात नीट लिहून काढले होते. 'बुवा आत्मविश्वासाने उभे राहिले.' 'साथीदारांचा ताळमेळ उत्तम.' 'वेशभूषा सुबक.' 'पखवाज थोडा पुढे धावला.' आणि सगळ्यांत लाडका, 'शेवटचा गजर जोरकस.' हे पाच शेरे आलटून पालटून बावीस वर्षं पुरले होते. बक्षिसाचंही ठरलेलं, ज्या मंडळाला गेल्या वर्षी मिळालं नाही त्याला यंदा द्यायचं. आपण सर्वांना सारखा न्याय देतो असं ते मनापासून मानायचे.

त्या संध्याकाळी त्यांनी डायरी उघडली. 'बुवा' खोडून 'मुख्य मुलगी' केलं, 'गजर' खोडून 'भाग' केलं. पहिला नंबर कुणाला द्यावा याचाही विचार केला. पहिल्या मालिकेला दिला तर पुढचं बघितलंच नाही असं वाटेल. चौथीला दिला तर जी शेवटी बघितली तेवढीच लक्षात राहिली असं वाटेल. राहिल्या दोन आणि तीन. त्यांनी तीन नंबरला एकोणचाळीस गुण दिले आणि शांतपणे जेवायला बसले.

रविवारी सकाळपासून जान्हवीचे फोन येत होते. गुणांसाठी मागे लागली असेल असं समजून सहदेवांनी फोन उशीखाली ठेवला. चारच्या ठोक्याला ते इस्त्रीचा झब्बा घालून सोसायटीच्या हॉलमध्ये हजर झाले. भिंतीवर भजनी मंडळाचे टाळ टांगलेले, पुढे चौघी मुली, त्यांच्या आया आणि सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये चहा मिळेल या आशेने आलेली सात-आठ माणसं.

सहदेवांनी घसा साफ केला. "मालिका क्रमांक एक. मुख्य मुलगी आत्मविश्वासाने उभी राहिली. वेशभूषा सुबक. मालिका क्रमांक दोन. साथीदारांचा ताळमेळ उत्तम. पखवाज थोडा पुढे धावला."

आया एकमेकींकडे बघू लागल्या. एक खोडायचं राहून गेलं होतं. पण पर्ल खुदकन हसली, तशा सगळ्याच हसल्या. काका गंमत करतायत. सहदेवांनीही हसून घेतलं आणि घाईने पुढचा कागद धरला.

"आणि प्रथम क्रमांक, मालिका क्रमांक तीन. साथीदारांचा ताळमेळ उत्तम, वेशभूषा सुबक, शेवटचा भाग जोरकस."

कुणी टाळी वाजवली नाही. जान्हवीने रुचिराकडे बघितलं, रुचिराने जमिनीकडे.

"काका," जान्हवी म्हणाली, "तीन नंबरच्या फोल्डरमध्ये काहीच नव्हतं. रुचिराने चुकून नुसते शॉर्टकट कॉपी केले. क्लिक केलं की 'फाइल सापडत नाही' एवढंच येतं. दुसरा पेनड्राइव्ह आणून देते म्हणून सकाळपासून फोन करतेय तुम्हाला."

सहदेवांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कारखान्यात असते तर त्यांनी त्या रंगाला सिग्नल रेड म्हटलं असतं. बावीस वर्षांची अब्रू वेशीवर टांगायला एक वाक्य पुरे होतं, 'मी बघितलं नाही.' ते त्यांच्या ओठांपर्यंत आलंसुद्धा. पण समोर जयंती हाताची घडी घालून बसली होती, आणि वाक्य परत आत गेलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुमचा पहिला निकष काय? यात काही घडत नाही. बरोबर? मग एक नंबरात छत्री उघडते, दोन नंबरात इस्त्री तापते. तीन नंबरात काहीच घडत नाही, अगदी काहीच नाही. निकष काटेकोर लावला तर पहिला नंबर तिचाच."

पर्लने टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. "काय डोकं आहे यार," निधी म्हणाली. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'परब काकांचा मास्टरस्ट्रोक' हा व्हिडिओ फिरला. बी विंगमधल्या माणसाने हात जोडलेली चित्रं टाकली. सहदेवांना रात्रीचं जेवण गेलं नाही. जयंतीने काही विचारलं नाही, त्यामुळे आणखी गेलं नाही.

सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात एकटी रुचिरा, हातात दुसरा पेनड्राइव्ह.

"काका, यात खरी मालिका आहे. वेळ झाला तर बघाल?"

"अगं, पण तुला पहिला नंबर मिळाला की."

"मिळाला. पण ती कुणी बघितलीच नाही ना." तिने पायातली चप्पल पायानेच सरळ केली. "मला कावीळ झाली होती तेव्हा दीड महिना कुणी भेटायला येत नव्हतं. तेव्हा या पाच जणीच होत्या. म्हणून वाटलं, एकदा कुणीतरी नीट बघावी."

ती गेली. सहदेव पेनड्राइव्ह घेऊन तसेच उभे राहिले. शरम म्हणजे काय असते ते त्यांना बासष्टाव्या वर्षी कळलं. एका आजारी पोरीच्या मैत्रिणींना न बघता त्यांनी 'वेशभूषा सुबक' म्हटलं होतं. वर टाळ्याही घेतल्या होत्या.

"आता उभे काय राहिलात?" जयंती म्हणाली. "बसा. मी चहा टाकते. कडक करते."

पुढचे चार दिवस सहदेवांनी चारही मालिकांचे मिळून बाराच्या बारा भाग बघितले. सकाळी आंघोळ झाल्याबरोबर, ताठ पाठीच्या खुर्चीवर, हातात पेन्सिल घेऊन. मुलींची नावं लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी केसांच्या शेडवरून टिपणं काढली. 'फिका पिस्ता रागावते.' 'लव्हेंडर नेहमी उशिरा येते.' जयंती भाजी निवडायला म्हणून येऊन बसायची आणि गवार तशीच राहायची. तिसऱ्या दिवशी लाँड्रीतल्या धाकट्या बहिणीच्या हातून शर्ट जळला तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदमच "अरे देवा" निघालं.

पण टिपणं जितकी खरी होत गेली तितकी निळी डायरी टोचू लागली. मुलींचं तर झालंच, पण भजनी मंडळांचं काय? कांजूर, विक्रोळी, ठाणे, कुठून कुठून माणसं महिनोन्‌महिने तालीम करून यायची आणि आपण त्यांना पाच वाक्यं आलटून पालटून वाटत आलो. शुक्रवारी ते उठले आणि स्पर्धा भरवणाऱ्या बाळा बुवांकडे गेले. लिफ्ट बंद होती, चार मजले चढले, आणि दम खातच सगळं कबूल करून टाकलं. की बुवा, मी झोपतो. पहिला अभंग संपायच्या आत झोपतो. बावीस वर्षं झोपतोय.

बाळा बुवा पखवाजाला शाई लावत बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"ह्यां सांगूक तू चार जिने चढान इलंस?" ते म्हणाले. "अरे, तू झोपतंस ह्यां आख्ख्या मंडळाक म्हायत आसा."

"काय?"

"मगे? दर वर्सा प्रत्येक बुवाक मी आधीच सांगान ठेवतंय. शेवटचो गजर जोरात घेवा, परीक्षक उठाक व्हयो."

सहदेवांना डायरीतला लाडका शेरा आठवला. 'शेवटचा गजर जोरकस.' भजनातलं तेवढंच त्यांनी बावीस वर्षं खरोखर ऐकलं होतं, आणि तेही त्यांना उठवण्यासाठीच होतं.

"मग मला बोलावता कशाला?"

"जागो रवणारो परीक्षक एकदा आणलेलो, तुझ्या आधी," बुवा म्हणाले. "त्येना खरां खरां सांगितल्यान. दोन मंडळांनी एकामेकांक टाळ फेकून मारल्यानी. तुझ्या शेऱ्यान आजवर कोणाचां मन दुखाक नाय. म्हणान तुका बोलवतंव. जा आता, बिनघोर जा."

बिनघोर कसले जातात. आपण प्रामाणिक म्हणून लोक मान देतात असं समजत होतो, आणि लोकांनी आपल्याला उशी म्हणून ठेवलं होतं, दोन मंडळांच्या मध्ये ठेवायची. जिना उतरताना भेटणाऱ्या प्रत्येकाने "काय परीक्षक" म्हणून हाक मारली आणि प्रत्येक हाकेला त्यांची मान एकेक पायरी खाली गेली.

तरी त्यांनी एक काम केलं. रविवारी त्यांनी जयंतीला बरोबर घेतलं, चौघींना आणि गेल्या खेपेच्या सगळ्यांना पुन्हा हॉलमध्ये बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, "मी गेल्या रविवारी खोटं बोललो. मी एकही मालिका पुरी बघितली नव्हती. ते निकषाचं वगैरे ऐन वेळी सुचलं. चुकलं माझं. आता सगळ्या बघितल्यात. हे खरे गुण."

मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. रागवावं की नाही हे त्यांचं ठरायच्या आत सहदेवांनी कागद उघडला.

"पर्ल, छत्तीस. लाँड्रीतल्या बहिणी भांडत नाहीत, पण एकमेकींवर रुसतात आणि ते खरं वाटतं. निधी, एकतीस. चार मुलींपैकी तिघी सारख्याच. केसांना एकच रंग दिला तर त्यांची आईसुद्धा ओळखणार नाही."

"काहीही काय काका," निधी उसळली. "तिघींचे स्वभाव वेगळे आहेत."

"तुझी मालिका आहेच तशी," पर्ल म्हणाली. "मी गेल्या वर्षीच बोलले होते."

"तू गप गं. जळलेला शर्ट."

"जान्हवी, एकोणतीस," सहदेवांनी आवाज चढवला. "शाळेत लोणची घालतात ते छान, पण लोणचं मुरायच्या आधीच सगळ्या वाहवा करतात." मग ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी कागदावर दोनदा खोडून लिहिलं होतं. ज्या पोरीसाठी हे सगळं केलं तिलाच ते सांगायचं होतं. "रुचिरा. साडेबावीस. शेवटचा नंबर."

रुचिराने पुन्हा जमिनीकडे बघितलं.

"डोंगरातल्या थांब्यावर पाच मुली बसची वाट बघतात. पहिल्या भागात बस चुकते. दुसऱ्यात चुकते. तिसऱ्यात बस येते तर कुणी चढतच नाही. का चढत नाहीत, परीक्षकाला समजलं नाही." त्यांनी कागद खाली केला. "पोरी, मी नीट बघितली गं. खोटे गुण पुन्हा द्यायचे नव्हते."

रुचिराने डोकं वर केलं. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. उलट ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे रोखून बघत होती.

"दुसऱ्या भागात पिवळ्या केसांची संत्रं सोलते, ते बघितलंत?"

"संत्रं?"

"चार मिनिटं. कुणी काही बोलत नाही. नुसतं संत्रं."

सहदेवांनी जयंतीकडे बघितलं. जयंतीने छताकडे बघितलं.

"डोळा लागला होता," सहदेव अगदी हळू म्हणाले. "जास्त नाही. चारच मिनिटं."

"काका, सगळं त्यातच आहे," रुचिरा म्हणाली. "तिची मैत्रीण गाव सोडून जाणार असते. त्या बसने. बस दिसते तेव्हा ती म्हणते, थांब, संत्रं खाऊन जा. आणि मुद्दाम हळू सोलते. एक एक धागा काढते. बस निघून जाते. म्हणून तिसऱ्या भागात कुणी चढत नाही."

हॉलमध्ये निधी आणि पर्लचं भांडणही थांबलं. अख्ख्या मालिकेत घडतं ते एवढंच, आणि सहदेव परब नेमके तेवढ्यात झोपले होते. एकदा न बघता अब्रू गेली होती, आता बघूनही गेली.

"लाव," ते म्हणाले. "आत्ता लाव. सगळ्यांसमोर."

जान्हवीने हॉलचा टीव्ही जोडला. सहदेव पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. रुचिराने एक क्षण विचार केला, भिंतीवरचे टाळ काढले आणि त्यांच्या शेजारी मांडीवर घेऊन बसली. संत्रं सुरू झालं. हॉलमधल्या एकानेही पडद्याकडे बघितलं नाही, सगळे परीक्षकाच्या पापण्यांकडे बघत होते. पहिल्या मिनिटाला त्या जड झाल्या. दुसऱ्या मिनिटाला रुचिराने टाळ किंचित उचलले. पण तिसऱ्या मिनिटाला बसचा हॉर्न वाजला, पिवळ्या केसांच्या मुलीने मान न उचलता आणखी एक धागा काढला, आणि सहदेव खुर्चीत पुढे सरकले. चौथं मिनिट संपलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आठ गुण वाढले," ते म्हणाले. "साडेतीस. तिसरा नंबर."

"तिसरा चालेल," रुचिरा म्हणाली आणि टाळ खाली ठेवले.

"म्हणजे शेवटची मी?" जान्हवी म्हणाली. "अरे, आयोजक कोण आहे इथे?"

निधी आणि पर्ल आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. जान्हवीने सहदेवांना बघून आठ दिवस जिन्यात फक्त मान हलवली. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी व्हिडिओ टाकला नाही. त्याचं सहदेवांना वाईट वाटलं नाही असं नाही, पण जेवण जाऊ लागलं.

माघी गणपतीच्या दहा दिवस आधी त्यांनी बाळा बुवांना फोन केला. "बुवा, यंदा सगळ्या मंडळांना सांगा, शेवटचा गजर हळू घेतला तरी चालेल. मी जागा राहणार आहे."

पलीकडे पखवाजावरची थाप थांबली.

"मेल्या," बुवा शेवटी म्हणाले, "मगे तुका बोलवन काय उपयोग?"

दोन दिवसांनी मंडळाची पत्रिका आली. सहदेव परबांचं नाव त्यात मोठ्या अक्षरांत होतं, प्रमुख पाहुणे म्हणून. स्पर्धेच्या दिवशी खुर्ची पहिल्या रांगेतली तीच होती, फक्त या वर्षी कागद आणि पेन्सिल कुणी दिली नाही. पण शेजारच्या खुर्चीवर रुचिरा येऊन बसली. तिने आपल्या वहीचं एक पान फाडून त्यांना दिलं आणि स्वतः मांडीवर टाळ घेतले.